पावलांनी फिरणाऱ्या मोटरीचा जोर कसा मोजावा

जबलपूर शहराचा यंत्रांशी जुना संबंध आहे. तोफांचे गाडे बांधणारा कारखाना येथे १९०४ साली निघाला, अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली. शहराजवळच नर्मदाकाठी भेडाघाट आहे. तेथील कारागीर मऊ दगडाच्या मूर्ती व लहानमोठ्या वस्तू कोरून विकतात. अशा दगडावर अक्षरे कोरणारे एखादे छोटे यंत्र घरीच बांधावे असे एखाद्या विद्यार्थ्याने मनात आणले, तर त्यास प्रथम लागते ती स्टेपर मोटर.

सामान्य मोटर वीज मिळताच अखंड फिरू लागते. स्टेपर मोटर मात्र विजेच्या प्रत्येक ठोक्यास एकच पाऊल टाकते व तेथे थांबते. नेहमीच्या जातीच्या मोटरीत २०० पावलांचा एक फेरा होतो. म्हणजे एक पाऊल १.८ अंशाचे. किती ठोके पाठविले एवढे मोजले की हत्यार कोठे आहे ते कळते. निराळे पाहण्याची गरज उरत नाही. सोय मोठी आहे, पण धोकाही तिच्यातच दडलेला आहे. दगडात कठीण शीर लागली आणि मोटरीचा जोर अपुरा पडला, तर चक्र निसटते आणि पुढच्या समान जागी, म्हणजे बहुधा चार पावले दूर, जाऊन बसते. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकणारा स्क्रू जोडलेला असेल, तर ही चूक ०.१६ मिलिमीटरची होते. यंत्रास तिचा पत्ताही लागत नाही. ते पुढील सर्व अक्षरे तितकीच सरकवून कोरीत राहते आणि दगड वाया जातो.

ह्या फिरविण्याच्या जोरास टॉर्क किंवा बल आघूर्ण म्हणतात. बल गुणिले आसापासूनचे अंतर, एवढाच त्याचा अर्थ, एकक न्यूटन-मीटर. नव्या मोटरीबरोबर हा आकडा मिळतो. टाकून दिलेल्या छपाईयंत्रातून काढलेल्या मोटरीबरोबर तो मिळत नाही, म्हणून तो मोजावा लागतो.

स्थिर मोटरीचा धारण-टॉर्क मोजणे सर्वांत सोपे. मोटर टेबलाच्या कडेस घट्ट आवळावी. तिच्या दांड्यावर, मोटरीच्या अंगालगत, लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची हलकी कप्पी बसवावी. कप्पीस दोरा गुंडाळून त्याचे टोक पक्के करावे व दुसऱ्या टोकास रिकामी बाटली टांगावी. दोन्ही वेटोळ्यांत ठरलेला प्रवाह सोडून बाटलीत बारीक धारेने पाणी ओतीत जावे. वजने एकामागून एक ठेवण्यापेक्षा पाणी बरे, कारण वजन ठेवताना बसणारा हिसका मोटरीस अकाली निसटवितो. भार वाढतो तसे चक्र किंचित मागे रेलते. हे रेलणे सुमारे एक पाऊल झाले की जोराची परिसीमा गाठली जाते आणि बाटली धाडकन खाली येते. म्हणून खाली वाळूची पिशवी ठेवावी. मग बाटली पाण्यासकट तोलावी. हे दहा वेळा करावे व सरासरी काढावी.

समजा, बाटली २ किलोग्रॅम भरली. कप्पीची त्रिज्या २० मिलिमीटर, दोरा १ मिलिमीटर जाडीचा. बल दोऱ्याच्या मध्यरेषेतून कार्य करते, म्हणून त्रिज्या २०.५ धरावयाची. जबलपुरात गुरुत्वत्वरण सुमारे ९.७९ आहे. गुणाकार केला असता टॉर्क सुमारे ०.४० न्यूटन-मीटर येतो. ९.७९ ऐवजी ९.८ धरले असते, तर चूक हजारात एक-दोन भागांची. पण दोऱ्याची जाडी विसरल्यास शंभरात अडीच भागांची. नवशिका मापक बहुधा पहिलीची चिंता करतो आणि दुसरी विसरतो.

मात्र कोरताना मोटर फिरत असते, आणि वेग वाढला की टॉर्क घटतो. प्रत्येक ठोक्यास वेटोळ्यातील प्रवाह उभा राहावयास वेळ लागतो. वेगात तो वेळ मिळत नाही. शिवाय फिरते चक्र वेटोळ्यात उलट दाब निर्माण करते. ह्या अवस्थेत मापनास दोरी-ब्रेक उपयोगी पडतो. यंत्राची शक्ती ब्रेक लावून मोजण्याची युक्ती फ्रेंच अभियंता प्रोनी याने १८२१ साली काढली. दोरी-ब्रेक हे तिचेच सोपे रूप. कप्पीवरून सुती दोरी टाकावी. एका बाजूस वजन टांगावे, दुसरे टोक खाली बांधलेल्या स्प्रिंग-काट्यास जोडावे. कप्पीची वजनाकडील बाजू वर जाईल अशा दिशेने मोटर फिरवावी. वजनातून काट्याचा आकडा वजा केला की उरतो तो खरा भार. वजन दीड किलोग्रॅम व काटा ४०० ग्रॅम दाखवीत असल्यास उरले १.१ किलोग्रॅम, तीच त्रिज्या धरता टॉर्क सुमारे ०.२२. वेग कायम ठेवून मोटर अडेपर्यंत वजन वाढवावे. मग वेग बदलून पुन्हा आरंभ करावा. मिळालेले बिंदू आलेखकागदावर मांडले असता एक उतरती रेषा दिसते. मंद वेगातील एखाद्या ठिकाणी मोटर थरथरून मध्येच निसटली, तर तो मापनाचा दोष नव्हे; तो तिचा अनुनाद आहे, आणि तो वेग यंत्रात टाळावा.

उष्णतेचीही नोंद हवी. तांब्याचा विद्युत्‌रोध प्रत्येक अंशास सुमारे ०.४ टक्के वाढतो. जबलपुरात जानेवारीची सकाळ १० अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. साध्या स्थिर दाबावर चालणाऱ्या मोटरीचा प्रवाह, आणि त्याबरोबर टॉर्कही, एवढ्याने सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. प्रवाह कायम राखणारे मंडल असल्यास ही घट जवळजवळ होत नाही. चालू मोटर स्वतःही तापते. तिच्या अंगास हात लावताना जपावे, आणि वाचन अर्धा तास चालविल्यानंतरच घ्यावे. वहीत टॉर्काशेजारी वेग, दाब, प्रवाह व खोलीचे तापमान लिहावे, आणि कोरण्याचा भार ह्या मोजलेल्या आकड्याच्या निम्म्याहून अधिक होऊ देऊ नये.