चौकोन नवा, मेंदूला काम नवे

गोधडी शिवणाऱ्या हाताला धावदोऱ्याची लय सापडली, की टाके आपोआप पडत जातात. ‘सॅम्पलर क्विल्ट’मध्ये मात्र हात असा सैल सोडता येत नाही. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या या प्रकारात प्रत्येक चौकोन वेगळ्या नमुन्याचा असतो. एकात नऊ तुकडे, दुसऱ्यात नुसते त्रिकोण, तिसऱ्यात मधल्या चौकोनाभोवती रचत नेलेल्या पट्ट्या. क्विल्टिंग क्लबांमध्ये अनेकदा एक नमुना सगळे मिळून शिकतात, पुढच्या बैठकीला चौकोन आणतात आणि पुन्हा नवा नमुना हाती घेतात.

यात मेंदूला काम कुठे पडते, हे साध्या हिशेबातून कळते. क्विल्टच्या तुकड्यांना साधारणपणे पाव इंच, म्हणजे दोन सूत माया सोडतात. शिलाई अर्धा सूत जरी आत गेली, तरी दोन्ही तुकडे मिळून एका जोडामागे एक सूत कापड कमी होते. ओळीत तीन तुकडे असतील तर जोड दोन, आणि चौकोन पाव इंच लहान. सहा तुकड्यांच्या ओळीत जोड पाच, म्हणजे तूट पाच सुतांची. चूक तीच, पण नमुन्यागणिक परिणाम वेगळा. म्हणून चौकोन एकमेकांना जुळत नाहीत. माप लक्षात ठेवणे, त्रिकोण मनातल्या मनात फिरवून पाहणे, क्रम आखणे आणि उसवून पुन्हा शिवणे, ही सारी कामे एकाच वेळी चालतात.

अशा कामाचा ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीला उपयोग होतो का? अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधक डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी हे तपासले. ६० ते ९० वयोगटातील २२१ जणांचा हा अभ्यास २०१४ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी क्विल्टिंग, काहींनी डिजिटल छायाचित्रण, तर काहींनी दोन्ही शिकायला घेतले. आठवड्याला सरासरी १६ तासांहून अधिक, असे तीन महिने. तुलनेसाठी एक गट सहली आणि गप्पागोष्टींत रमला. दुसरा घरी संगीत, शब्दकोडी अशा सोप्या गोष्टींत.

नवे कौशल्य शिकणाऱ्यांची प्रसंगस्मृती, म्हणजे पाहिले-ऐकलेले नंतर आठवण्याची क्षमता, सुधारली. छायाचित्रण शिकणाऱ्यांत हा फायदा अधिक स्पष्ट होता. केवळ क्विल्टिंगचा परिणाम त्या मानाने माफक. अनपेक्षित बाब म्हणजे नुसत्या गाठीभेटींचा स्मरणशक्तीला फारसा लाभ दिसला नाही.

याचा अर्थ मैत्रिणी अनावश्यक, असा नव्हे. एकटेपणा कमी करण्यासाठी सोबत मोलाचीच. शिवाय पुढच्या बैठकीला चौकोन न्यायचा आहे, या ओढीने कंटाळवाणी उसवाउसवही पुरी होते. शेजारणीचा चौकोन नीट का बसला, हे पाहताना आपली चूक उमगते. सोबत कामाला धरून ठेवते. मेंदूला ताण देते ती नवलाई. स्मृतिभ्रंश टळतो, असे मात्र या प्रयोगाने सिद्ध केलेले नाही.

आयुष्यभर गोधड्या शिवलेल्या आजींसाठी आणखी एक तशीच गोधडी म्हणजे सवयीचे काम. त्यातून ऊब आणि समाधान मिळेल. पण मेंदूला नवे खाद्य हवे असेल, तर कधी न केलेला नमुना मापे घेऊन शिवून पाहावा. शिवण येत नसलेल्यांना नऊ तुकड्यांचा चौकोन पुरेसा अवघड आहे.

शिवताना उजेड भरपूर हवा, चष्म्याचा नंबर तपासलेला हवा. मान खाली घालून तासन्‌तास बसू नये. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. बोटे बधिर होत असतील किंवा सांधे सुजत असतील, तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आणि एक नमुना सफाईने जमू लागला, की त्यातच न रमता पुढचा घ्यावा.