पांदणीवरची विजेची सायकल

भंडाऱ्याकडील पांदण ज्यांनीं पाहिली नाहीं, त्यांस हें प्रकरण थोडें विचित्र वाटेल. पावसाळ्यांत धानाच्या बांध्यांमधून बैलगाड्या जातात, चिखलांत खोल चाकोऱ्या पडतात, आणि दिवाळीनंतर ऊन लागलें म्हणजे त्याच चाकोऱ्या विटेसारख्या कठीण होऊन बसतात. तुमसरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं आंबागडच्या बाजूस गेलें कीं मातीबरोबर गोटेहि लागतात. अशाच एका उतारावर गेल्या मार्गशीर्षांत आमचा पुतण्या विजेच्या सायकलीवरून पडला आणि हंसळीचें हाड मोडून घरीं आला.

घरांत अर्थातच दोन पक्ष पडले. त्याच्या आजींचें म्हणणें, तो विजेचा घोडा आधीं घराबाहेर काढा. थोरल्या वहिनींचें म्हणणें, दोष विजेचा नव्हे, मुलाच्या बेतालपणाचा. पुतण्या मात्र एवढेंच सांगे, "काका, पुढलें चाक दगडावरून गेलेलें मला आठवतें, पण मागलें चाक उडालें तें कां, हें कांहीं कळलें नाहीं." या प्रश्नाच्या मागें लागतां लागतां माझे दोन महिने गेले, आणि जें उत्तर सांपडलें तें कोणत्याच पक्षास सर्वस्वीं अनुकूल नव्हतें.

सायकलीला धक्का सोसण्याची विद्या प्रथम टायरनें शिकविली. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यांनीं १८८८ मध्यें आपल्या मुलाच्या तीनचाकीकरितां हवा भरलेली रबरी धाव तयार केली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें सायकलीच्या या अंगांत फारसा फरक पडला नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन डोंगर उतरूं लागले, व १९७७ मध्यें जो ब्रीझ यांनीं खास त्याच कामासाठीं सांगाडा बांधला. तरीहि धक्का सोसणारे अवयव म्हणजे टायर आणि स्वाराचे हातपाय हेच. १९८९ मध्यें पॉल टर्नर यांनीं रॉकशॉक्स ही कंपनी काढली, आणि मोटरसायकलीप्रमाणें नळींत नळी सरकणारा चिमटा सायकलीस मिळाला. विजेचा जोड त्यामानानें अलीकडचा. पायडलावरील जोर मोजून त्या प्रमाणांत मदत करणारी सायकल जपानांत यामाहानें १९९३ मध्यें विकावयास आणली.

आतां मुख्य गोष्ट. लोक समजतात कीं चिमट्यांत स्प्रिंग असली म्हणजे काम झालें. ज्यांनीं जुन्या कमानीच्या दमणींतून प्रवास केला आहे त्यांस विचारावें. खड्डा एक, पण हिसके तीन! स्प्रिंग धक्का नाहींसा करीत नाहीं. ती तो क्षणभर सांठवून परत करते. तो खऱ्या अर्थानें जिरविण्याचें काम तेल करतें. चिमट्याच्या आंत दांडा सरकला म्हणजे तेलाला अगदीं बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, व त्या ओढाताणींत धक्क्याची शक्ति उष्णतेंत विरून जाते. चांगल्या चिमट्यांत तर परतीची गति खिळीनें कमीअधिक करतां येते. स्वार बसल्यावर चिमट्यानें आपल्या एकंदर हालचालीचा पांचवा ते चौथा हिस्सा दबावें असा संकेत आहे. कारण चाकाला खड्ड्यांत उतरण्यासहि जागा हवी. आमच्या मुलाच्या चिमट्यांत केवळ स्प्रिंग होती. तेलाचा थेंबहि नव्हता.

दुसरी गोष्ट वजनाची. त्या सायकलीची मोटर मागल्या चाकाच्या तुंब्यांत होती व बॅटरी मागल्या कॅरिअरवर. चाक जितकें हलकें तितकें तें दगडावरून चढून पुन्हां जमिनीस लवकर चिकटतें. जड चाक एकदां वर गेलें कीं खालीं येण्यास वेळ लावतें. डोंगरी वाटांकरितां बांधलेल्या सायकलींत म्हणूनच मोटर पायडलांच्या मध्यावर आणि बॅटरी सांगाड्याच्या खालच्या नळींत ठेवतात. वजन मध्यें व खालीं राहतें, चाकें मोकळीं राहतात. पुतण्याचें काय झालें तें आतां उलगडलें. दगडानें पुढला चिमटा दबला, त्यानें घाबरून पुढला ब्रेक आवळला, चिमटा आणखी खालीं बसला, आणि त्याच क्षणीं तोच दगड मागल्या जड चाकास लागला. पुढें खालीं, मागें वर. ब्रेकापुरतें वहिनींचें म्हणणें खरें ठरलें.

मागल्या बाजूसहि शॉकअप असावा काय? तेथें एक अडचण आहे. साखळीच्या ओढीनें मागला भाग प्रत्येक पायडलाला दबूं पाहतो व श्रम वांया जातात. हॉर्स्ट लाइटनर यांनीं आंसाच्या किंचित् पुढें एक सांधा घालून यावर प्रसिद्ध तोड काढली. परंतु हे सांधे, त्यांचे छर्रे, पांदणीची धूळ आणि चिखल यांचा विचार करतां, आपल्याकडे शंभर-सव्वाशें मिलिमीटर हालचालीचा तेलाचा चिमटा आणि किंचित् कमी हवेचे रुंद टायर एवढें पुष्कळ होतें असें माझें मत आहे. कंबर दुखणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मोटर असली म्हणजे मनुष्य उठून पायडल मारण्याऐवजीं बसूनच राहतो, व सारे हिसके पाठीच्या कण्यास मिळतात.

आपल्याकडील नियमाप्रमाणें मोटरची शक्ति २५० वॅटहून व वेग ताशीं २५ किलोमीटरहून कमी असेल तर नोंदणी वा परवाना लागत नाहीं. म्हणून कोक्याच्या अभयारण्यांत खुशाल शिरावें असें मात्र नव्हे. तेथें वनखात्याच्या परवानगीवांचून प्रवेश नाहीं. शिवाय अस्वलास निःशब्द सायकल एकाएकीं समोर आलेली मुळींच आवडत नाहीं.

राहिली बॅटरी, आणि येथें आजींचा पक्ष अनपेक्षितपणें बळकट निघाला. पडण्यांत तिच्या पेटीस खोंक पडली होती. लिथियमच्या बॅटरीस आंतून इजा झाली तर ती पुढें केव्हांतरी तापून पेट घेऊं शकते, आणि आमच्याकडे ती जिन्याखालीं, मुलें निजतात त्या खोलीच्या दाराशीं रात्रभर चार्ज होत असे. हें ध्यानांत आल्यावर मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. सकाळींच ती अंगणांत नेऊन ठेवली व पुढें जाणत्या दुकानदाराच्या स्वाधीन केली. आतां नवी आलीच तर ती ओसरीच्या फरशीवर, तिच्याच चार्जरनें, कोणी जागें असतांनाच चार्ज व्हावयाची. आणि वैशाखांत पारा ४५ अंशांजवळ जातो तेव्हां दुपारीं मुळींच नाहीं.

सायकल सध्यां ओसरीवर बॅटरीविना उभी आहे. पुतण्याचा खांदा बरा झाला असून तो तेलाच्या चिमट्याकरितां पैसे सांठवीत आहे. परवां आजी माळ ओढतां ओढतां थांबून मला म्हणाल्या, "काय रे, त्या चिमट्यांत तेल कोणतें घालतात? करडईचें तर नव्हे ना?"