आकाशातील सीमारेषा

जपानच्या उत्तर भागात मोरिओका शहराजवळ शिझुकुइशी नावाचे एक छोटे गाव आहे. ३० जुलै १९७१ रोजी दुपारी दोनच्या सुमारास या गावाच्या आकाशात, सुमारे २८ हजार फूट उंचीवर, ऑल निप्पॉन एअरवेजचे बोइंग ७२७ आणि जपानी हवाई स्वसंरक्षण दलाचे एक सेबर लढाऊ विमान यांची टक्कर झाली. बोइंगमधील १६२ जणांपैकी एकही वाचला नाही. लढाऊ विमानातील प्रशिक्षणार्थी वैमानिक मात्र हवाई छत्रीच्या आधाराने जमिनीवर उतरला. मृतांत बहुसंख्य लोक फुजी शहरातील, महायुद्धात आप्त गमावलेल्या कुटुंबांच्या संघटनेचे सभासद होते. ते उत्तरेची सहल आटोपून घरी परतत होते. युद्धाने ज्यांची माणसे नेली, त्यांनाच शांततेच्या काळात स्वतःच्या देशाच्या लष्करी विमानामुळे प्राण गमवावे लागले.

यात दैवाचा भाग थोडा, बेशिस्तीचा अधिक होता. प्रवासी विमानांचा मार्ग नकाशावर स्पष्ट आखलेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंस ५ सागरी मैलांच्या आत सरावाची उड्डाणे करू नयेत, असा संबंधित लष्करी तळाचा स्वतःचाच नियम होता. तरीही प्रशिक्षकाचे आणि त्याच्या मागोमाग उडणाऱ्या शिष्याचे अशी दोन सेबर विमाने त्या पट्ट्यात शिरली. शिष्याचे लक्ष गुरूच्या विमानाकडे आणि गुरूचे शिष्याकडे होते. आपण कोठे आलो आहोत, याचे भान दोघांनाही राहिले नाही. भिंतीवरच्या नकाशातील रेषा आकाशात दिसत नाही, ही साधी गोष्ट त्या नियमाच्या कर्त्यांनी विचारात घेतली नव्हती.

या दुर्घटनेनंतर जपानच्या संरक्षण विभागाचे प्रमुख मासुहारा यांनी राजीनामा दिला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८३ मध्ये संपला. शिष्य निर्दोष सुटला होता, प्रशिक्षक दोषी ठरला. त्याहून महत्त्वाचे असे की, सरावाची क्षेत्रे प्रवासी मार्गांपासून वेगळी काढून मुख्यतः समुद्रावर नेण्यात आली आणि १९७५ मध्ये विमानवाहतुकीच्या कायद्यातही दुरुस्ती झाली.

त्याआधी आठ आठवडेही झाले नव्हते, तोच अमेरिकेत असाच प्रकार घडला होता. ६ जून १९७१ रोजी लॉस एंजलिसहून निघालेल्या एका डीसी-९ विमानावर नौसैनिक दलाचे फँटम आदळले आणि ५० जण ठार झाले. फँटमवरील ट्रान्सपाँडर बंद होता. ‘पाहा आणि टाळा’ या तत्त्वावर सारी भिस्त होती. समोरासमोर येणारी दोन विमाने ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडत असतील, तर त्यांच्यातील अंतर सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास घटते. अशा वेळी डोळ्यांवर विसंबणे म्हणजे नियमाचा देखावा करणे होय.

अर्धशतक लोटले, यंत्रे सुधारली. परंतु दोन खात्यांच्या दरम्यानची फट काही बुजली नाही. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि उतरू पाहणारे प्रवासी विमान यांची टक्कर होऊन ६७ जण मृत्युमुखी पडले. हेलिकॉप्टरच्या मार्गाची कमाल उंची तेथे २०० फूट होती. ते त्याहून बरेच वर, सुमारे २७८ फुटांवर होते. पुढे असेही उघड झाले की, संरक्षण मंत्रालय आणि विमानतळाचा नियंत्रण कक्ष यांना जोडणारी थेट दूरध्वनीची तार मार्च २०२२ पासून बंदच होती. तीन वर्षे बंद असलेली तार कुणालाही खटकली नाही, ही गोष्ट मला उंचीच्या चुकीपेक्षा अधिक भयंकर वाटते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरी येथे दोन परदेशी विमानांच्या टकरीत ३४९ जण मरण पावले. त्यात लष्करी विमान नव्हते. परंतु दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलाकडे राखीव असल्याने येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांना एकच अरुंद मार्ग वापरावा लागत होता. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाभोळी नौदलाचे. तेथे प्रवासी विमाने लष्कराच्याच धावपट्टीवर उतरतात व नियंत्रणही लष्कराकडेच असते. हा एका अर्थी लाभच म्हणायचा, कारण दोन्ही प्रकारची विमाने एकाच नियंत्रणाखाली असतात. वैमानिकांनी सराव करूच नये, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

देशाच्या आकाशाचा केवळ ६० टक्के भाग प्रवासी विमानांना मोकळेपणाने उपलब्ध आहे, असे मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितले आणि निर्बंध सैल करण्याची घोषणा केली. इंधन वाचते, हे खरे. मात्र जे क्षेत्र सकाळी सरावाचे आणि दुपारी प्रवाशांचे, तेथे सीमा तासागणिक बदलते. ती बदलल्याचे कोणी कोणास कळवायचे, चुकून ओलांडली गेल्यास नोंद कोठे व्हायची, हे कागदावर असून भागणार नाही. अशा घटनांचा वार्षिक आकडा संसदेपुढे ठेवला जावा. वॉशिंग्टनच्या त्या विमानतळावर ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात विमाने व हेलिकॉप्टरे धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. त्या लोकांपुढे आल्या, तेव्हा ६७ माणसे गेलेली होती.