वेगवान गाडीचा क्लच निवडताना

आपल्या मध्यमवर्गीय घरांतील तरुण पिढीला अलीकडे एक नवा छंद जडला आहे. नवी लहान गाडी घेण्याऐवजी तेवढ्याच पैशांत जुनी, परंतु मुळात वेगासाठी घडवलेली गाडी घ्यायची आणि तिच्यावर आणखी थोडा खर्च करून तिला अधिक तेज करायची, असा तो छंद. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस ही अशा गाड्यांतील मानाची गाडी. ती २००४ साली भारतात आली. टर्बोचार्जर लावलेले १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, सुमारे १५० अश्वशक्ती, २१० न्यूटन-मीटर टॉर्क आणि हाताने बदलायचे पाच गिअर, हे तिचे भांडवल. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे या कंपनीचा कारखाना असल्याने मराठी मुलांना तिच्याविषयी थोडा घरोबाही वाटतो. पुढे २०११ साली लॉरा आरएस आली. तिचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आणि गिअर सहा. या दोन्ही गाड्या आता नव्या मिळत नाहीत. ज्यांच्या दारात त्या उभ्या आहेत, त्यांच्यापुढे आज ना उद्या एक प्रश्न येतोच: जुना क्लच झिजला, आता नवा कोणता बसवावा?

प्रश्न वरवर यांत्रिक दिसतो, पण तो साऱ्या घराचा होतो. कारण ही गाडी शर्यतीच्या मैदानावर नव्हे, तर आपल्या गल्लीत राहते. तीच सकाळी मकरपुऱ्याच्या कारखान्यावर जाते, सायंकाळी मांडवीच्या गर्दीत अडकते आणि रविवारी अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावर धावते.

क्लचचे काम थोडक्यात सांगतो. इंजिन अखंड फिरत असते. चाके मात्र कधी थांबलेली, कधी चालती. या दोहोंना जोडणारा व तोडणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्यासमोर दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर लावलेली क्लच प्लेट येते आणि तिला मागून प्रेशर प्लेट दाबून धरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची पकड सुटते आणि प्लेट मोकळी होते. म्हणजे सारा कारभार घर्षणाचा. वडोदऱ्याच्या सयाजीराव महाराजांनी कचेरीतील शब्दांसाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी कोश करवून १९३१ साली प्रसिद्ध केला. मात्र गॅरेजच्या शब्दांकडे कोणा पंडिताचे लक्ष गेले नाही. म्हणून मीही येथे मिस्त्री मंडळींचेच शब्द वापरतो. ते सर्वांना समजतात.

आता हिशेब. क्लचने किती टॉर्क पेलावा, हे चार गोष्टींवर ठरते: दाब, अस्तराचा घर्षणांक, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. समजा, प्रेशर प्लेटचा दाब ६००० न्यूटन आहे, घर्षणांक ०.३ आहे, सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर आहे आणि बाजू दोन आहेत. गुणाकार केला की ३२४ न्यूटन-मीटर येतात. आठवीच्या मुलालाही करता येईल असे हे गणित आहे; परंतु त्यातील एक आकडा स्थिर राहत नाही. क्लच तापला की घर्षणांक उतरतो. तो ०.२ झाला, तर तोच क्लच २१६ न्यूटन-मीटरच पेलतो! म्हणून गाडी बनवणारे इंजिनाच्या टॉर्कपेक्षा क्लचची क्षमता बरीच जास्त ठेवतात. सव्वापट ते दीडपट ही रीत सामान्य समजावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुले अश्वशक्तीची भाषा बोलतात. क्लचला मात्र अश्वशक्ती कळत नाही, टॉर्क कळतो. टर्बो इंजिनात तो फार खालच्या फेऱ्यांवरच, दोन हजारांच्या आसपास, पूर्ण जोराने येतो. संगणकाचे मॅपिंग बदलून जेव्हा २१० चे २७० न्यूटन-मीटर करतात, तेव्हा इंजिन हसत काम करते आणि क्लच बिचारा मुकाट्याने झिजू लागतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. फेऱ्या भरभर चढल्या आणि वेग मात्र रेंगाळला, तर क्लच घसरतो आहे हे नक्की. जळका वास येईपर्यंत थांबू नये.

मग अधिक क्षमता आणायची कशी? वरच्या गुणाकारात तीनच वाटा आहेत. दाब वाढवावा, घर्षणांक वाढवावा, किंवा व्यास वाढवावा. (चौथी वाट दोन प्लेटांच्या क्लचची, ती महाग आहे.) प्रत्येक वाटेवर जकात आहे. दाब वाढवला की पेडल जड होते, आणि पेडल दाबताना इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर पडणारा रेटाही वाढतो. व्यास वाढवायचा तर फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सचे घर यांत तेवढी जागा हवी. घर्षणांक वाढवणे सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच दुकानदार तेच सुचवतात.

आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी गेल्या वर्षी हेच घडले. पुतण्याने आपल्या आरएसमध्ये दुसऱ्या शहरातील एका दुकानाच्या सल्ल्याने सहा सिरॅमिक पॅडची, मधल्या स्प्रिंगा नसलेली प्लेट आणि जबर दाबाची प्रेशर प्लेट बसवून घेतली. “काका, दुकानदार म्हणाला, हा क्लच जन्मात घसरणार नाही,” असे तो मोठ्या अभिमानाने सांगत होता. दुकानदार खोटे बोलला नव्हता. क्लच घसरत नव्हता. पण गाडी जागेवरून हलताना क्लचने थोडे घसरावेच लागते, हे त्याने सांगितले नव्हते. सिरॅमिक पॅड एक तर सोडलेले असते किंवा धरलेले, मधली अवस्था त्याला ठाऊक नसते. रावपुऱ्यात दर सिग्नलला गाडी उसळी मारू लागली. आता त्या घरची स्थिती अशी की दादांना आठवड्यातून दोन वेळा डायलिसिसला न्यावे लागते, आणि मुलगा कामावर असल्याने वहिनीच गाडी चालवतात. नवा क्लच बसल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनींनी गाडी रुग्णालयाबाहेर ठेवली आणि दादांना रिक्षाने घरी आणले. “भाऊजी, पाय थरथरतो हो. आणि यांची सुई लावलेली जागा प्रत्येक धक्क्याला दुखते,” एवढेच त्या म्हणाल्या. पुतण्या त्यानंतर क्लचविषयी काही दिवस बोलला नाही. गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली.

दुसऱ्या वेळी निवड करताना मी हजर होतो. माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “सर, ही गाडी कोण कोण चालवतं?” इतक्या बारकाईने प्रश्न विचारणारा हा मुलगा वर्गात मागच्या बाकावर का बसत असे, ते मला अजून उमगलेले नाही.

रोजच्या गाडीसाठी त्याचा कौल ऑरगॅनिक अस्तराला होता. राळेत बांधलेले तंतू आणि त्यांत तांब्यापितळेची तार, असे हे अस्तर असते. ते प्लेटला पूर्ण गोल लावलेले असते आणि हळुवार पकडते. अरामिड तंतूंचे, म्हणजे बाजारात ज्याला केव्हलार म्हणतात ते अस्तर पुष्कळ टिकते. परंतु त्याला फार तापणे सोसत नाही आणि सुरुवातीला संयमाने रुळवावे लागते. सिरॅमिक व लोखंडी चूर्णाची पॅडे ज्यांची गाडी खरोखर शर्यतीत उतरते त्यांना लखलाभ असोत. अडीचशे-तीनशे न्यूटन-मीटरपर्यंत मजल असणाऱ्या गाडीला चांगली ऑरगॅनिक प्लेट, मध्यभागी धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा आणि मूळपेक्षा थोड्याच अधिक दाबाची प्रेशर प्लेट पुरते.

खोक्यावर ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ असे छापलेले असते, त्याला भुलू नये. या शब्दांना कोणतेही सर्वमान्य माप नाही. प्रत्येक कारखानदाराची पायरी वेगळी. विचारावे ते इतकेच की हा संच किती न्यूटन-मीटर पेलतो, तो आकडा इंजिनापाशी मोजलेला की चाकांपाशी, आणि पेडल मूळपेक्षा किती जड होईल. नेमके उत्तर न देणाऱ्या दुकानाची पायरी उतरावी.

एवढे जमले तरी तो आपल्या गाडीत बसेल का, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते बहुतेकांचे पैसे येथेच बुडतात. प्लेटच्या मध्यभागी गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसणारे दाते असतात. त्यांची संख्या आणि जाडी तंतोतंत जुळली पाहिजे. प्रेशर प्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलच्या भोकांशी जुळले पाहिजेत. रिलीज बेअरिंग ढकलणारे आहे की ओढणारे, हेही पाहावे लागते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचे उदाहरण यासाठी बोलके आहे. २००२ ते २००५ च्या गाड्यांत ओढणाऱ्या जातीचा क्लच होता आणि २००६ पासून ढकलणाऱ्या जातीचा आला. नाव तेच, गाडी दिसायला जवळजवळ तीच. पण एकीचा संच दुसरीला चालत नाही. आपल्याकडच्या कित्येक मुलांनी परदेशातील भावंडांकडून केवळ गाडीच्या नावावर भाग मागवले आणि ते आजही खोक्यात पडून आहेत. नाव न सांगता आरसी बुकावरचा चॅसिस नंबर सांगावा, त्यावरून मूळ भागाचा क्रमांक काढावा, आणि जुनी प्लेट उतरल्यावर नवी तिच्याशेजारी ठेवून दाते मोजून मगच ती बसवू द्यावी.

याउलट एकाच घराण्यातील गाड्यांचे भाग एकमेकींना कसे उपयोगी पडतात, तेही पाहण्यासारखे आहे. फोक्सवॅगन घराण्यातील पाच गिअरच्या १.८ टर्बो गाड्यांना युरोपातील हौशी लोक कोराडो जी-६० या जुन्या गाडीचे एकसंध फ्लायव्हील आणि व्हीआर-६ या सहा सिलिंडरच्या गाडीचा २२८ मिलिमीटर व्यासाचा क्लच लावतात. गिअरबॉक्सचे कुळ एकच असल्याने दाते जुळतात. मोठ्या इंजिनासाठी केलेला क्लच लहान इंजिनाला निवांत पेलतो, आणि तोही मूळच्याच ऑरगॅनिक अस्तराचा. याला मी सुज्ञ जुळवाजुळव म्हणेन.

मात्र येथे फ्लायव्हीलचा प्रश्न उभा राहतो. आजच्या बहुतेक तेज गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील असते. दोन चाकती आणि त्यांच्यामध्ये कमानदार स्प्रिंगा, अशी ही रचना. जर्मनीतील लूक कंपनीने १९८५ साली तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. इंजिनाचे हिसके ती स्वतःच गिळते. ती महाग असते, झिजते, आणि साध्या फ्लायव्हीलप्रमाणे खरादावर घासून सरळ करण्याचा मार्गही सहसा नसतो. म्हणून लोक एकसंध फ्लायव्हील घालतात. त्यानंतर गाडी उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येऊ लागते. ही खडखड धोक्याची असतेच असे नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना गाडी मोडली असे वाटते. एकसंध फ्लायव्हील घेतल्यास प्लेट मधल्या स्प्रिंगांचीच हवी. फार हलके फ्लायव्हील तर टाळावेच, कारण त्यामुळे सिग्नलला गाडी सारखी बंद पडते. आणि स्वस्त ओतीव लोखंडाचे, अज्ञात बनावटीचे फ्लायव्हील सहा हजार फेऱ्यांवर फुटले, तर त्याचे तुकडे पत्रा भेदून चालकाच्या पायापर्यंत येऊ शकतात. या एका भागात काटकसर नको.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते, म्हणून एकदा उतरवल्यावर रिलीज बेअरिंग, क्रँकशाफ्टच्या मागचे ऑइल सील आणि बेअरिंगजवळच बसणारा हायड्रॉलिक स्लेव्ह सिलिंडर असल्यास तोही बदलून घ्यावा. जुन्या गाडीतील क्लचची धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू देऊ नये. पूर्वीच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ मिस्त्रीच्या फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसायला सांगावे.

बसवल्यानंतर पहिले सात-आठशे किलोमीटर गाडी गावातच, गिअर वारंवार बदलत चालवावी. या काळात पूर्ण जोर लावू नये, चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये आणि पेडलवर पाय विसावू नये. जुन्या प्लेटची जाडी, नव्या संचाचा क्रमांक आणि त्या दिवशीचे किलोमीटर मिस्त्रीकडून बिलावरच लिहून घ्यावेत. पुढच्या वेळी तोच कागद लागतो.