जखडलेला सांधा आणि जाणता हात

डोक्यावर हंडा चढवताना खांद्यातून कळ येते. वेणी घालायला हात मागे जात नाही. बैलांच्या मानेवर जू ठेवताना हात अर्ध्यावरच अडतो. याला आपण ‘खांदा धरला’ म्हणतो. मग कुणी तेल चोळतो, कुणी हात ओढून पाहतो, तर कुणी ‘हलवूच नको’ म्हणून बजावतो. यांतले खरे कोणते?

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत बसवलेला गोळा. त्याभोवती एक पातळ पिशवी असते. ती सैल असते म्हणून हात चहूकडे फिरतो. खांदा धरला म्हणजे ही पिशवी आधी सुजते आणि मग आकसून जाड होते. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हा विकार अधिक आढळतो. मधुमेह असलेल्यांना तो विशेष सतावतो. म्हणून अशा वेळी रक्तातील साखरही तपासून घ्यावी.

आता हात वर जाताना आत काय घडते, ते पाहा. गोळा नुसता वळत नाही. वळता वळता किंचित खालीही सरकतो. पिशवी आकसली की हे सरकणेच थांबते. अशा वेळी हात जोराने ओढला तर सांधा सुटत नाही, कळ मात्र वाढते. म्हणून शिकलेला उपचारक हात ओढत बसत नाही. तो दंडाचे हाड खांद्याजवळ धरतो, गोळा हळुवार खाली किंवा मागे सरकवतो, सोडतो, पुन्हा सरकवतो. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड यांनी या हालचालींच्या चार पायऱ्या लावून दिल्या. दुखणे ताजे असेल तर अगदी लहान झोके द्यायचे. त्यांनी वेदना शमते. दुखणे ओसरून ताठरपणा उरला, की हालचालीच्या टोकापर्यंत जायचे. म्हणजे जोर किती लावायचा, हे रोग्याचे दुखणेच ठरवते.

हे शास्त्रशुद्ध शिक्षण आपल्याकडेही जुने आहे. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते सुरू झाले.

घरी काय करावे? ओट्याला एका हाताने टेकून पुढे वाका. दुखरा हात सैल सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवा. दुखणे निवल्यावर भिंतीवर बोटांनी चढत जा आणि कुठवर पोहोचलात तिथे खडूने खूण करा. त्या व्यायामाचे दुखणे रात्रभर राहिले, तर दुसऱ्या दिवशी कमी करा. हा खांदा सुटायला कधी वर्ष, कधी दोन वर्षेही लागतात. ‘एका झटक्यात मोकळा करतो’ म्हणणाऱ्याच्या हाती तो देऊ नका.

आणि आता गुरुजींसाठी एक गोष्ट, बरे का! मूल झाडावरून पडले आणि कोपर सुजले, तर ते चोळू नका, कुणाला चोळू देऊ नका. अशा चोळण्याने स्नायूत नवे हाड तयार होऊ शकते, आणि मग कोपर जन्माचे अडते. हात आहे त्याच स्थितीत झोळीत ठेवा आणि मुलाला दवाखान्यात न्या. कामट्या करकचून बांधल्या आणि बोटे गार, निळी किंवा बधिर पडली, तर बंध तत्काळ सैल करून धावपळ करा. रक्त अडले तर हात कायमचा वाकडा होतो.

केस कापल्यावर मान कडकन मोडून घेण्याची हौसही सोडावी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्याने क्वचित इजा होते. पण झाली तर ती जिवावर बेतते. तसेच ताप, रात्री वाढत जाणारे पाठदुखणे, पायांत आलेला अशक्तपणा, यांवर मालीश हा उपाय नव्हे. तिथे आधी डॉक्टर.

हाताने पुष्कळ दुखणी हलकी होतात. मात्र हात लावण्यापूर्वी आत काय बिघडले आहे, ते कळलेले असले पाहिजे.