योद्ध्याने कोणते डाव निवडावेत?
कागद, पेन्सिल आणि वीस पैलूंचा फासा हाताशी असला, की ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ सुरू करता येतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली आला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर तलवारबहाद्दर योद्ध्यालाही जादूगारासारखे डाव निवडावे लागले. सुरुवातीला दोन डाव हवे तितक्यांदा वापरायचे, एक प्रत्येक चकमकीत एकदाच आणि एक दिवसातून एकदाच.

नवखा खेळाडू सर्वांत जबर घाव शोधतो आणि तिथेच फसतो. योद्ध्याचे खरे काम शत्रूला अडकवून ठेवण्याचे! मागे उभा असलेला जादूगार नाजूक असतो, त्याच्यापर्यंत कुणी पोचता कामा नये.

‘क्लीव्ह’ डावात एकाला वार लागला, की शेजारच्या शत्रूलाही इजा होते. गर्दीत तो उत्तम. हाती ढाल असेल तर ‘टाइड ऑफ आयर्न’ घ्यावा. शत्रू एक घर मागे ढकलला जातो, आणि मागे दरी असली तर विचारायलाच नको! दोन्ही हातांनी परशू पेलणाऱ्याला मात्र तो निरुपयोगी. ‘शुअर स्ट्राइक’चे नाव मोठे भरवशाचे, पण नेम २ गुणांनी सुधारतो आणि ताकदीची जादा इजा हातची जाते. सौदा तोट्याचाच.

रोजच्या एकमेव डावासाठी ‘ब्रूट स्ट्राइक’ किंवा ‘कमबॅक स्ट्राइक’. दोन्ही चुकले तरी वाया जात नाहीत. पहिल्याचा घाव मोठा, दुसऱ्यात स्वतःच्या जखमाही भरतात. संघात वैद्यकी जाणणारा कुणी नसेल, तर दुसराच घ्यावा.