दुर्बिणीच्या तपासणीआधी काही लपवू नका

"पोटात दुर्बीण घालून बघावी लागेल," असे डॉक्टरांनी सांगितले, की घरात घालमेल सुरू होते. तपासणी तशी थोड्या वेळाची. अनेकांची तर घशात बधिरतेचा फवारा मारूनच होते. पण गुंगीचे औषध देणार असतील, तर घरातल्या सर्वांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथे सर्वांत जपायचा असतो तो श्वास.

गुंगीत श्वास मंदावतो. जबडा सैल पडतो, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अरुंद होते. मग रक्तातला प्राणवायू घटू लागतो. म्हणून नाकाला नळी लावून प्राणवायू देतात आणि बोटाला चिमटा लावतात. २०२०-२१ साली कोरोनाच्या साथीत गावोगावी पोहोचला, तोच हा चिमटा. निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. तो ९० कडे घसरला, की हनुवटी उचलून वाट मोकळी करतात, प्राणवायू वाढवतात, वेळ पडल्यास दुर्बीण बाहेर काढतात. नुसत्या आकड्यावर न विसंबता छाती हलते की नाही, हेही पाहत राहावे लागते.

यात तुमचा वाटाही मोठा आहे. दमा, झोपेच्या गोळ्या, दारू, जे असेल ते आधी सांगा. चारचौघांत सांगवत नसेल, तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. घोरणे मात्र घोरणाऱ्याला ठाऊक नसते. ते घरधनिणीने सांगावे!

जेवण निदान ६ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद करावे. डॉक्टरांनी जास्त वेळ सांगितला, तर तो पाळावा. दुधाचा चहा पाण्यात धरू नका. पहाटे एसटी पकडताना घेतलेला कपभर चहाही सांगून टाका. पोटातले उलटून श्वासनळीत गेले, तर जिवावर बेतते. फार तर तपासणी लांबेल, एक हेलपाटा पडेल. पण माणूस सुखरूप राहील.

कवळी काढून ठेवा, तोंडात तंबाखू नको, नखांचा रंग पुसून जा, म्हणजे चिमटा चुकणार नाही.

सोबत जाणते माणूस न्या. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका. पुढचे २४ तास ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा कडबाकुट्टी चालवू नका आणि व्यवहाराच्या कागदावर सही-अंगठाही करू नका. गुंगी उतरली असे वाटते, पण ती अंगात रेंगाळलेली असते.